अढीतलं विमान

पालीला यायचं विमान आधी सुधागडला उतरतं. अख्खं विमान नव्हे, त्याचा एखादा तुकडा. उंची दाखवणारं घड्याळ, बटणांची पाटी, पायाखालचं पेडल, असं काहीबाही. खोक्यावर ‘पाली’ एवढंच वाचून कुरिअरवाले ते रायगडातल्या बल्लाळेश्वराच्या पालीला धाडून मोकळे होतात. एक खोका राजस्थानातल्या पालीचं दर्शन घेऊन आला. एकदा तर वांद्र्याच्या पाली हिलवरून फोन आला, की तुमची विमानाची खुर्ची आमच्या वॉचमनच्या केबिनात आहे, घेऊन जा. पण लवकर या, वॉचमन आताच उठायला तयार नाही.

आमचं पाली ह्या तिन्हींतलं नव्हे. मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा मागं टाकून लांज्याकडं निघालं की लागतं ते. दाभोळे, साखरपा करत आंबा घाटानं कोल्हापूरला जाणारा रस्ता जिथून फुटतो ते. लक्ष्मीपल्लीनाथाचं. इथं गाड्या थांबतात, माणसं चहा पितात, महामार्गाच्या चौपदरीकरणाला चार शब्द सुनावतात आणि आपापल्या दिशेला सुटतात. विमानानं थांबावं असं इथं काही नाही. तरी एक थांबलंय. कॅप्टनच्या आंब्याच्या खोलीत, भिंतीकडं नाक करून.

कॅप्टनचं नाव विचारू नका. ह्या वाणाच्या माणसांना नाव उरत नाही, गावानं दिलेला हुद्दा उरतो. वैमानिक तो कधीच नव्हता. मुंबईत टेलिफोनमध्ये होता. उमेदीची सगळी वर्षं एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली. २०२० च्या जानेवारीअखेर सरकारी टेलिफोन कंपन्यांतले हजारो लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी घरी बसले, त्यांतला हा एक. फंड घेऊन गावी आला आणि दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी लागली. त्या दिवसांत लोकांनी केक भाजले, सूर्यनमस्कार घातले, भावकीतले जुने दावे उकरून काढले. ह्यानं पुतण्याच्या कॉम्प्युटरवर विमानाचा खेळ पाहिला.

‘खेळ’ म्हटलेलं आता त्याला चालत नाही. मायक्रोसॉफ्टनं हे सिम्युलेटर १९८२ साली पहिल्यांदा काढलं तेव्हा चार रेघा म्हणजे धावपट्टी आणि दोन त्रिकोण म्हणजे डोंगर, असा मामला होता. २०२० च्या ऑगस्टात नवी आवृत्ती आली तिच्यात उपग्रहाच्या छायाचित्रांवरून अख्खी पृथ्वी उभी केलेली. घरं-झाडं कॉम्प्युटर आपल्या अकलेनं बसवतो. कॅप्टननं पहिल्यांदा काय केलं असेल, तर जगातला प्रत्येक माणूस करतो तेच केलं: आपल्या घरावरून घिरटी मारली. घर नव्हतंच. कौलारू घराच्या जागी विलायती धाटणीचा दुमजली बंगला, आणि कलमांच्या जागी कसलीशी थंड मुलखातली झाडं.

‘बरंय की,’ वहिनी म्हणाल्या, ‘कर्ज न काढता बंगला झाला.’

पण कॅप्टनचं टाळकं फिरलं ते बंगल्यानं नव्हे. पुतण्यानं कीबोर्डावर कंट्रोल आणि ई ही दोन बटणं दाबली आणि दोन्ही इंजिनं सुरू झाली, ह्यानं. ‘असं कसं? बोइंग आहे का मिक्सर?’

ह्या रागाचं मूळ आंब्यात आहे. घरची हापूसची कलमं, आणि वाशीच्या बाजारात कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकताना ह्याच्या वडलांनी पाहिलेला. वडील त्या दिवशी दलालाशी भांडले ते मरेपर्यंत भांडतच होते. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कॅप्टननं वडलांच्या फोटोला हार घातला. तर, आत एक आणि वर दुसरं, हे ह्या घराण्यात खपत नाही. विमान उडवायचं तर सुकाणू अस्सल विमानाचं, बटण अस्सल विमानाचं, बटणाखालचा स्क्रूसुद्धा अस्सल विमानाचा. चिनी प्लॅस्टिकची तयार सुकाणूं मिळतात, स्वस्तात मिळतात, घरपोच मिळतात. ‘मग पायरीलाच हापूस म्हणा,’ म्हणून त्यानं तो विषय मिटवला.

अस्सल माल मिळतो तरी कुठं? मिळतो. विमान भंगारात निघालं की त्याचे चालू भाग काढून विकले जातात, आणि प्रत्येक भागामागं कागद असतो: कुठं घडला, किती तास उडाला, कुणी दुरुस्त केला, कुणाची सही. कागद हरवला की भाग कितीही धडधाकट असो, कुठलीही विमान कंपनी त्याला हात लावत नाही. सातबारा नसलेल्या जमिनीसारखं. जमीन आहे, पण नाही. असले बेवारस भाग भंगारवाल्यांकडं, चोर बाजारातल्या दुकानांत, परदेशातल्या हौशी लोकांकडं फिरत राहतात आणि अखेर कॅप्टनसारख्याच्या घरी येऊन विसावतात. इंडियन एअरलाइन्सनं १९७० पासून बोइंग ७३७-२०० उडवली. पडदे नाहीत, सगळी गोल काटेरी घड्याळं. कॅप्टनला तेच हवं होतं. जमलं मात्र जसं मिळालं तसं. सुकाणू बोइंगचं, थ्रॉटल बोइंगचाच पण धाकट्या भावाचा, खुर्ची एटीआरची. आणि सगळ्यांत आधी आलेला भाग म्हणजे विमानातल्या संडासाची कडी. फिरवली की बाहेर ‘ऑक्युपाइड’ दिसतं. ती न्हाणीघराच्या दाराला लावली. साऱ्या प्रकल्पातला पहिला आणि बराच काळ एकमेव चालू भाग.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हौशी माणूस, पैसा उडवतोय. मलाही तसंच वाटायचं, त्यानं तो डोक्यावरच्या बटणांचा पत्रा उलटा करून दाखवीपर्यंत. पुढून पाहिलं तर रंग उडालेली बटणं. मागं तारांच्या जुड्या, आणि त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेल्या नव्हेत. मेणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या. बोटभर अंतरावर एक गाठ, पुन्हा बोटभर अंतर, पुन्हा गाठ, प्रत्येक गाठीची शेपटी तेवढीच कापलेली. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केबल अशाच बांधायचे. कॅप्टननं हातात भिंग घेतलं होतं, आणि एका गाठीवर नख ठेवून म्हणाला, ‘हा डावखुरा होता. इथून पुढं बघ, पाळी बदलली. हा दुसरा माणूस. ह्याला घरी जायची घाई आहे.’

मग बराच वेळ तो त्या घाईवाल्याच्या गाठींवर नाराज होऊन बसला.

पहिलं अस्सल घड्याळ आलं ते उंचीमापक. अल्टिमीटर म्हणायचं. ह्याला वीज लागत नाही, तार लागत नाही. आत हवा काढलेल्या पातळ पत्र्याच्या डब्या असतात. बाहेरचा दाब कमी झाला की त्या फुगतात आणि काटा चढतो. दाब एका हेक्टोपास्कलनं उतरला की काटा साधारण २७ फूट वर. कॅप्टननं ते पडवीच्या खांबाला लावलं, सकाळी दहाला खुंटी फिरवून काटा शून्यावर आणला आणि जेवायला गेला. दुपारी चारला येऊन बघतो तो घर ८० फूट वर गेलेलं.

त्याला वाटलं, बिघडलं. रात्री दहाला काटा पुन्हा जवळजवळ शून्यावर. दुसऱ्या दिवशी तोच खेळ. आता हे बिघडणं नव्हे, हे उष्ण पट्ट्यातल्या हवेचं रोजचं वागणं आहे. इथं हवेलाही भरती-ओहोटी असते: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला दाब चढलेला, पहाटे चार आणि दुपारी चारला उतरलेला. फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा, म्हणजे ८० फुटांच्या आतबाहेर. पालीतली माणसं पिढ्यान् पिढ्या रोज दोनदा वरखाली होत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. कॅप्टननं हे सांगितलं तेव्हा गावात दोन तट पडले. एक म्हणे, तरीच दुपारी जेवणानंतर डोळे मिटतात. दुसरा म्हणे, मग ८० फूट चढूनही माझ्या मोबाइलला रेंज का येत नाही?

उपयोग काढला तो वहिनींनी. मे महिन्यात अंगणात आंब्याची साठं वाळत घातलेली, रातांब्याची सोलं पसरलेली. ‘घर शंभराच्या वर गेलं की मला हाक मारा,’ एवढंच त्यांनी सांगून ठेवलं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकलं त्या दिवशी सकाळपासून काटा उतरायचं नावच घेईना. कौलं उडायच्या खूप आधी वहिनींची साठं आत होती. तेव्हापासून शेजारणी पापड घालण्यापूर्वी कुंपणापाशी येऊन विचारतात, ‘आज घर किती वर?’ कॅप्टनला ह्याचा अभिमान वाटावा की अपमान, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

कारण खरी पंचाईत ह्याच घड्याळापाशी सुरू झाली. पडद्यावर विमान पस्तीस हजार फुटांवर, आणि समोरचं अस्सल अल्टिमीटर सांगतं, ४० फूट. दुपारचे बारा-एक वाजलेत, ८० व्हायला अजून अवकाश आहे. अस्सल यंत्राची हीच गोम. ते खोटं बोलत नाही. तुम्ही पालीत बसला आहात, तर ते पालीच म्हणणार.

ह्यावर जगभरचे हौशी लोक जो उपाय करतात तो सोपा आहे. घड्याळ उघडायचं, आतल्या त्या नाजूक डब्या आणि दातेरी चाकं काढून टाकायची आणि जागी एक छोटी चिनी मोटर बसवायची. कॉम्प्युटर सांगेल तेवढी ती काटा फिरवते. काच अस्सल, काटा अस्सल, पोट चिनी. पुतण्यानं हे काम एका रविवारी करून देतो म्हणून सांगितलं, स्क्रूड्रायव्हरही आणला. कॅप्टननं घड्याळ छातीशी धरलं.

‘काका, सगळे असंच करतात.’

‘वाशीतसुद्धा सगळे असंच करतात.’

पुढचे दिवस ह्या धर्मसंकटात गेले. मग एका संध्याकाळी पुतण्यानं चाळा म्हणून घड्याळाच्या पाठीमागच्या भोकाला सलाइनची नळी लावली आणि तोंडानं हवा ओढली. काटा सपकन दोन हजारांवर. ओढ सोडली, परत खाली. विमानतळावरचे तंत्रज्ञ अल्टिमीटर तपासतात तेही ह्याच तत्त्वावर. फक्त त्यांच्याकडं मोजून हवा ओढणारं यंत्र असतं आणि तोंड लावायला सक्त मनाई. इथं यंत्र म्हणजे पुतण्या. चढायचं तेव्हा त्यानं नळी ओढायची, पातळीत राहायचं तेव्हा दम धरायचा, उतरायचं तेव्हा हळूहळू सोडायचं. जोरात सोडलं तर कोसळतं. विमानाची कमाल उंची त्याच्या छातीच्या भात्यावर ठरली: तीन हजार फूट, सर्दी नसेल तर. आंबा घाट ओलांडून कोल्हापूरला जायला पुरते. दिल्ली राहिली.

कॅप्टन मात्र निवांत झाला. घड्याळ फसलं होतं, पण आतून अस्सल हवेनंच फसलं होतं.

दुसरा खटला क्षितिजाचा. कृत्रिम क्षितिज म्हणजे आत भोवऱ्यासारखी गरगरणारी चकती. विमान कलंडलं तरी ती आपली जागा सोडत नाही, म्हणून वैमानिकाला ढगांतही आपण किती झुकलो ते कळतं. तिला लागते ११५ व्होल्टची, सेकंदाला ४०० आवर्तनांची वीज. आपल्या घरातली ५० आवर्तनांची. विमानात ४०० कशाला, तर आवर्तनं वाढली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी लहान आणि हलक्या करता येतात, आणि विमानात किलोकिलोचा हिशेब. तेव्हा ५० चे ४०० करणारा जुना इन्व्हर्टर पैदा झाला. तो सुरू केला की जो सूर निघतो त्यानं गल्लीतली कुत्री तोंड वर करून रडायला लागली.

त्या वेळी शेजारच्या वाडीत भजनाची तालीम चालली होती. पेटीमास्तर उठून तरातरा आले. आम्हाला वाटलं भांडायला. ते दारात उभे राहून कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘पांढरी पाचच्या वर आहे. काळी चारला पोचत नाही. बेसूर आहे.’ पेटीवर पांढरी पाच म्हणजे ३९२, काळी चार म्हणजे ४१५. चारशेचा आकडा खरोखरच दोन्हींच्या मध्ये लोंबकळतो. साऱ्या जगाच्या विमानवाहतुकीत आजवर हा आक्षेप कुणी नोंदवल्याचं ऐकिवात नाही. मास्तर मात्र ठाम होते: ‘पंधरानं वाढवा, नाहीतर आठानं उतरवा. तालमीच्या वेळी मी हे सहन करणार नाही.’

तडजोड झाली. मंगळवारी-शनिवारी उड्डाणं बंद.

आता क्षितिज फिरू लागलं आणि तेही वडलांवर गेलं. पडद्यावर विमान डाव्या बाजूला तीस अंश झुकलंय, वळतंय, खाली रत्नागिरीचा समुद्र तिरका झालाय, आणि अस्सल क्षितिज सांगतं, सगळं सरळ आहे. सरळच होतं. घर कुठं झुकलंय? नळी ओढून हे फसणारं नव्हतं. कॅप्टन दोन दिवस जेवला नाही असं वहिनी सांगतात. मला वाटतं एक वेळ.

वाट काढली पेटीमास्तरांनी, आणि ती जवळपास शंभर वर्षं जुनी निघाली. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या पोराच्या बापाचा ऑर्गन आणि पियानोंचा कारखाना होता. पोराला उडायचं वेड, शिकवणी परवडेना. त्यानं १९२९ साली ऑर्गनचे भाते आणि हवा ओढायचा पंप घेऊन लाकडी विमानाचा ठोकळा असा बनवला, की सुकाणू हलवावं तसा तो डुलावा. वैमानिकी शिकवणाऱ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. पहिली गिऱ्हाइकं जत्रेतल्या खेळवाल्यांची. मग १९३४ साली अमेरिकी लष्कराला टपाल वाहायचं काम दिलं गेलं, खराब हवेत वैमानिक मरू लागले, आणि लष्करानं लिंककडून सहा ठोकळे विकत घेतले. पुढं महायुद्धात त्यांवर किती पोरं शिकली त्याला गणती नाही. म्हणजे साऱ्या सिम्युलेटरांचा मूळपुरुष हा मुळात वाजवायच्या पेटीच्या पोटचा. ही गोष्ट कॅप्टननं सांगितली तेव्हा पेटीमास्तर ‘हं’ एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या माळ्यावरची एक मोडकी पायपेटी, कधीकाळी संगीत नाटकांत वाजलेली, हातगाडीवरून आली. तिचा भाता शाबूत होता. चामडं त्यांनी स्वतः नवं चढवलं. डाव्या बाजूला भाता, उजवीकडं ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब, मध्ये सागवानी फळ्यांवर दोन खुर्च्या आणि सगळा पत्रा. भाता भरला की विमान उजवीकडं झुकतं. तीस अंश नव्हे, पाच. पण ते अस्सल पाच अंश. क्षितिजाची रेघ तिरकी झाली तेव्हा कॅप्टननं सुकाणू सोडून मास्तरांचे पाय धरले, आणि विमान तेवढ्यात, पडद्यावर, भाट्याच्या खाडीत गेलं.

त्यात सुकाणू थरथरवणारी मोटर आली. विमानाचा वेग फार पडला, आता ते हवेतून ढासळणार, असं झालं की ही मोटर सुकाणू गदागदा हलवून वैमानिकाला जागं करते. सुकाणूचा दांडा खोलीच्या मधल्या खांबाला आवळलेला, खांब वर भालाला, भालावर वासे, वाशांवर कौलं. पहिल्याच चाचणीत तीन कौलं निसटली. त्यानंतर कॅप्टन विमानाचा वेग कधीही पडू देत नाही. प्रशिक्षणाचा ह्याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

नाक्यावरच्या टपरीवर ह्या सगळ्यावर मतं आहेतच. एक पक्ष तळपद्यांचा. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आधी, आणि इंग्रजांनी ते दडपलं. त्या काळचा खात्रीचा पुरावा नाही, आणि ज्या वैमानिकशास्त्राचं नाव घेतात त्यातली विमानं उडणं शक्य नाही हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी १९७४ सालीच मांडून दाखवलंय. पण टपरीवर चहा उधार मिळतो, पुरावा रोख मागायची रीत नाही.

दुसरा पक्ष व्यवहारी. ‘अहो कॅप्टन, त्या कांदिवलीच्या अमोल यादवांनी बघा. चारकोपला इमारतीच्या गच्चीवर खरं सहा आसनी विमान बांधलं. २०१६ ला बीकेसीच्या प्रदर्शनात मांडलं, २०१७ ला नोंदणी झाली, मग परवाना काढून धुळ्याला उडवलं. वर्षानुवर्षं कागदांशी झगडला बाबा. आणि तुम्ही खोलीत बसून...’

मला वाटलं, आता हा पेटणार. कॅप्टननं शांतपणे बशीत चहा ओतला. ‘त्यांना उडायचं होतं,’ म्हणाला. ‘उडायचं असलं की माणूस पुढचं बघतो. त्यांचं बरोबरच आहे. मला कुठं उडायचंय?’

‘मग तुम्हाला करायचंय काय?’

‘तयारी.’

हे मात्र शंभर टक्के खरं. कॅप्टनचं उड्डाण बघायला जाणाऱ्यानं डबा घेऊन जावं. खरं विमान बंद, थंड, अंधारं असताना ते जागं करायची एक यादी असते. बॅटरी, मग शेपटातलं छोटं इंजिन, मग इंधनाचे पंप, मग हायड्रॉलिक, मग दिवे. प्रत्येक ओळ एकानं वाचायची, दुसऱ्यानं हात लावून ‘चेक्ड’ म्हणायचं. कॅप्टनला ह्यातली एकही ओळ गाळलेली चालत नाही, आणि मध्येच कुणी आलं, मांजर जरी आलं, की यादी पुन्हा पहिल्यापासून. पुतण्या शाळेत असला की ‘चेक्ड’ वहिनी म्हणतात, खोबरं किसता किसता, शेजारच्या खोलीतून. ‘अगं, बघून म्हण,’ असं हा ओरडतो. ‘लग्नात बघून म्हटलं होतं,’ असं आतून येतं.

मार्चअखेर ते मेअखेर विमान जमिनीवरच. ती खोली मुळात आंब्याची. गवताच्या अढ्या घालून आंबा पिकवायची. आधी विमान बाहेर काढायचा हट्ट वहिनींनी धरला होता. आता समझोता असा, की विमान जागेवर राहील, पण खुर्च्यांच्या मागं, भात्याच्या बाजूला, पेडलांच्या खाली अढी लागेल. सव्वाशे डझन प्रवासी, सगळे मानांकनवाले. ह्या काळात भाता भरायला सक्त बंदी, कारण आंबा दबला तर डाग पडतो. कॅप्टन तेव्हा खुर्चीत नुसता बसून राहतो आणि एकेक बटणाची कड जुन्या टूथब्रशनं घासतो. वास असा सुटलेला असतो, की अस्सल बोइंगला तो कधी लाभला नसेल.

गौरी-गणपतीला घर भरलं. मुंबई-पुण्याची भावंडं, त्यांची पोरं, मानाची आत्ये, वय वर्षं ऐंशीच्या पुढं. पोरांनी आल्या आल्या अंगणात रांग लावली. ‘विमान लागलं काय?’ एक जण दर दहा मिनिटांनी विचारून जायचा, एसटीच्या कंट्रोलरला विचारावं तसं. कॅप्टननं संध्याकाळच्या आरतीनंतर पांढरा शर्ट घातला, यादी काढली. बॅटरी चेक्ड. पंप चेक्ड. आणि पिवळा दिवा विझेना. कुठं तरी काही तरी बरोबर नाही, एवढंच सांगणारा मुख्य दिवा. कॉम्प्युटर म्हणत होता सगळं ठीक आहे, पडद्यावर धावपट्टी तयार होती, पुतण्या नळी तोंडात धरून बसलेला. अस्सल दिवा पेटलेला तो पेटलेलाच.

‘काका, तारच काढू दिव्याची.’

कॅप्टननं त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी वर्णन करणार नाही. त्यानं खुर्चीतून उठून अंगणातल्या पोरांना सांगितलं, तांत्रिक कारणामुळं उड्डाणाला विलंब होतो आहे, त्याबद्दल दिलगीर आहोत. आणि पत्रा उघडला.

पुण्याचा एक जावई विमानानं फिरणारा. त्यानं घड्याळ दाखवत जाहीर केलं, की नियमाप्रमाणं उड्डाणाला दोन तास उशीर झाला की कंपनीनं खायला द्यावं लागतं. वहिनींनी उकडीच्या मोदकांचं ताट बाहेर आणलं. तूप वाढलं. पोरं खाऊन ओटीवरच आडवी झाली, पुतण्या भात्याला टेकून घोरायला लागला, जावयानं तक्रार मागं घेतली. साडेदहाच्या सुमाराला कॅप्टनला दोष सापडला: घाईवाल्या माणसाच्या गाठींपैकी एक सुटलेली, आणि तिथं तार पत्र्याला घासत होती. नुसती तार सरळ केली असती तर भागलं असतं. त्यानं मेणाचा दोरा काढला, गाठ पुन्हा बांधली, शेपटी कापली. दिवा विझला.

घर खाली टेकलेलं. रात्रीचे अकरा वाजायला आले होते. ‘बोर्डिंग,’ असं तो दारातून दोनदा म्हणाला. ओटीवर कुणी हललं नाही. फक्त आत्ये उठल्या. लुगडं सावरलं, उशाची पिशवी काखेत मारली आणि एटीआरच्या खुर्चीत येऊन बसल्या.

‘कुठं नेतोस?’

‘मुंबईला. किनाऱ्या-किनाऱ्यानं, दोन हजार फुटांवरून. आत्ये, पोरगा झोपलाय, ही नळी तुम्हाला ओढावी लागेल. मी सांगेन तेव्हा. आणि मी सांगेपर्यंत सोडायची नाही, नाहीतर पडू.’

‘चुलीपुढं आयुष्य गेलं माझं, फुंकणी मला शिकवू नको. दादरला सोडशील ना? धाकटीच्या घरी जायचंय.’

कॅप्टननं एक हात थ्रॉटलवर ठेवून गंभीरपणे मान हलवली. ‘दादरला थांबा नाही. सांताक्रूझला उतरून लोकल धरायची.’

‘कोकणकन्या थांबते,’ आत्ये म्हणाल्या, आणि कवळी काढून घड्याळांच्या पत्र्यावर ठेवून त्यांनी नळी तोंडात धरली.